पोळ्याचं आवतन

अकोल्याहून आलेल्या गाडीवानानं बातमी आणली. नवं यंत्र बसवायला गेलेला आमचा टामसाहेब तिकडेच तापानं गेला. त्या दिवशी आईनं चूल पेटवली नाही. मी महिनाभर तापात लोळत होतो, तेव्हा मात्र एका वेळची चूल चुकली नव्हती, हे मला नेमकं तेव्हाच आठवलं.

अमेरिकेतल्या लढाईनं वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या दिवसांत गाठी दाबायच्या यंत्राबरोबर टाम विलायतेहून अमरावतीत आला आणि आमच्या ओसरीलगतच्या खोलीत राहू लागला. मी बाजारात कापूस तोलायचो. संध्याकाळी त्याला आमची बोली शिकवायचो. ती शिकून त्यानं माझी आईच पटकावली! मी पाणी मागितलं की आई तांब्या आपटायची; त्यानं मागितलं की, ‘घे रे बापू.’ त्याची पत्रावळ ओसरीवर असायची खरी, पण तव्यावरची पहिली पोळी तिकडे जायची.

एका पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आई बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळत होती. ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायले या,’ असं ती त्यांच्या कानात म्हणाली. टामला वाटलं, आमच्याकडे जेवणाचं बोलावणं असंच करतात. वाटी उचलून तो थेट बाजारात आला, आणि पहिला हात माझ्याच खांद्यावर!

‘अबे, आमी काय बैल आहो?’ मी ओरडलो.

तो गोंधळला. ‘काहून? तुहा खांदा दुखत नाही?’

मग हमाल, गाडीवान, दिसेल त्याच्या खांद्याला तूप. बाजारभर हसू झालं, पण दुसऱ्या दिवशी सगळे आले. साहेबाच्या हातचं कोण खाणार? ‘शिधा त्याचा, सैपाक माहा,’ आईनं सांगून टाकलं. जेवताना गाडीवानांनी गाऱ्हाणं काढलं, की बैल दिवसभर उन्हात उभे राहतात आणि बाजारात पाण्याचा थेंब नसतो. टामनं त्यांनाच हाताशी धरलं आणि हौद बांधला. दगड रचायला तो त्यांच्याकडून शिकला, चाकावरून पाणी ओढायला ते त्याच्याकडून. हौद हवा, हे मी कितीतरी आधीपासून सांगत होतो... तसं आईला म्हणालोही.

‘तू बोलून राहिला होता,’ ती म्हणाली. ‘त्यानं बांधला.’

परवा पुन्हा पोळ्याची आदली संध्याकाळ आली. बैलांचे खांदे मळून झाल्यावर आई ओसरीवर गेली. टामच्या बंद दाराच्या चौकटीला तिनं हळद-तूप लावलं. ‘आज आवतन घे बापू, उद्या जेवायले ये.’

‘अन् मले?’ मी विचारलं.

‘तुले कायचं आवतन? तू तं घरचा आहेस.’

खरंच आहे... घरच्याला कोण बोलावतं? मेला तरी पहिली पोळी त्याचीच. मला त्याचा फार राग आला. आई वाटी तिथंच ठेवून आत गेली. तळाशी बोटभर तूप उरलं होतं. ते घेऊन मी माझा खांदा चोळू लागलो, पण दुखतं तिथं माझा हात पोचेना.