आगाऊ अभिनंदन

सोनागिरी कॉलनीत आमच्या समोर राहणाऱ्या काकूंपुढे मनातला बेत बोलायची सोय नाही. "पेटी शिकावी म्हणतोय," एवढंच मी एकदा गेटपाशी बोललो, तर संध्याकाळी भाजीवाला विचारतो, "भैया, पेटी कब सुना रहे हो?" दुसऱ्या सकाळी काकू गरम जिलेबी घेऊन दारात हजर. "अभिनंदन हो!" जिलेबी खाऊन बसल्यावर पेटी घ्यावीच लागली. शेजारचे रिटायर्ड इंजिनियर असेच पोहायला शिकले. बिचारे फक्त "तलाव छान दिसतो" म्हणाले होते.

परवा मात्र काकू कुंपणाशी आल्या, इकडेतिकडे बघितलं आणि चक्क कुजबुजल्या. काकूंना कुजबुजता येतं हे मला तेव्हा कळलं.

"मी स्कूटी शिकावी म्हणते. पण या वयात भीती वाटते हो. कुणाला सांगू नका हं."

मी मान डोलावली, चपला चढवल्या आणि थेट जिलेबीवाल्याकडे सुटलो. बातमीसकट गल्लीभर जिलेबी वाटून शेवटी काकूंची बेल वाजवली.

दार उघडलं. काकूंच्या डोक्यावर नवंकोरं हेल्मेट.

"किती उशीर केलात हो!"