आग्नेयेची फरशी

वास्तुशांत झाली त्याच महिन्यात वडील गेले. आंघोळीला बसले, तांब्या उचलला आणि मोरीत कलंडले. डॉक्टर आले तेव्हा नाडी लागत नव्हती.

जामखेडमधलं ते घर दुष्काळात बांधलं होतं. विहिरी आटलेल्या. वडील लांबून बैलगाडीनं पिंपं आणवून भिंतींना पाणी मारायला लावत. रिकामी घागर घेऊन जाणाऱ्या बाया थांबून बघायच्या. एकदा मला ऐकू येईल अशा बेतानं एक म्हणाली, "भिती पानी पित्यात, बाई. मानसाला घोटभर न्हाई." वडील गेल्यावर भेटायला तीही आली होती. बसल्या बसल्या तिनं भिंतीवरून हात फिरवला. आई त्या हाताकडे बघत राहिली.

मी तेव्हा नगरच्या कॉलेजात होते. दिवसकार्य होईपर्यंत घरी राहिले आणि आईचा संशय घरभर फिरताना पाहिला. आधी गवंड्यावर, मग चौकटीच्या लाकडावर, मग त्या बाईच्या तळतळाटावर. शेवटी तो काकूवर येऊन बसला.

काकू म्हणजे कर्जतकडची, आईची थोरली जाऊ. शांतीच्या दिवशी स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यात खड्डा खणला होता. बोटाएवढी तांब्याची वास्तुपुरुषाची प्रतिमा मातीच्या बोळक्यात ठेवून तिथं पुरायची, वर फरशी बसवायची. प्रतिमा पालथी हवी, डोकं ईशान्येला, असं गुरुजींनी बजावलं होतं. नेमकी तेव्हा माझ्या धाकट्या भावाला ओकारी झाली. आई त्याला घेऊन मागच्या दारी धावली आणि प्रतिमा काकूनं ठेवली.

"अक्कांनी उताणी ठेवली," आई मला म्हणाली. "आपण वेगळं घर केलेलं त्यांना कुठं आवडलं होतं?"

ती हे हळू म्हणाली, पण घर नवं होतं, सामान थोडं होतं, आवाज घुमायचा. काकू दारात येऊन उभी राहिली.

"खना," ती काकांना म्हणाली. "आत्ता, माज्यासमोर. उताणी निगाली तर मलाबी हितंच पुरा."

"अगं, दुखवट्याचं घर हाय," काका म्हणाले.

"म्हनूनच खना. उद्या मी कर्जतला गेल्यावर ही पोरांना काय सांगंल?"

काकांनी पहार आणली. सांध्यातलं सिमेंट पक्कं बसलं होतं. ते फोडताना त्यांना घाम फुटला. बोळकं वर आलं. काकूनं झाकण स्वतः काढलं नाही, मला काढायला लावलं. धान्यात प्रतिमा पालथी होती. डोकं ईशान्येला.

"बघ," काकू म्हणाली. "डोळं भरून बघ."

आई वाकली. बराच वेळ बघत होती. मला वाटलं, आता ती काकूच्या गळ्यात पडून रडेल. वडील गेल्यापासून ती रडली नव्हती.

"आज नीट आहे," ती म्हणाली. "पण दहाव्याला आम्ही सगळे नदीवर गेलो, तेव्हा घरी तुम्हीच होतात, अक्का."

फोडलेल्या सिमेंटचे तुकडे तिच्या पायाशीच पडले होते. तिला ते दिसत होते.

काकूनं पिशवी उचलली. मी पाणी पुढं केलं, तिनं घेतलं नाही. "तुजा दादला गेला, बाई," ती उंबऱ्यावर म्हणाली. "माजा तर दीर हुता. पोरागत वाढिवला मी त्याला."

त्यानंतर ती त्या घरात आली नाही. काका सणासुदीला यायचे, ओट्यावर बसूनच परत जायचे. फरशी पुन्हा पक्की करायला गवंडी आला, तर आईनं त्याला परत पाठवलं. "परत बघावं लागलं तर?" म्हणाली. तिनं ती उचललेली मी कधी पाहिली नाही. त्या कोपऱ्यात ती नैवेद्य ठेवायची आणि कडेनं जायची.

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी आई गेली. घर आहे. आग्नेयेची फरशी सुटी आहे, पाय पडला की हलते.