सावित्री तांबेंची मोडीत निघालेली गाडी

सावित्री तांबे जमिनीच्या दस्तनोंदणी कार्यालयात बत्तीस वर्षं कारकून होत्या. मी शेजारच्या टेबलावर, आणि घरही त्यांच्या शेजारीच. समोरचा माणूस न वाचता सही करायला लागला की बाई त्याच्या हातातून पेन काढून घ्यायच्या. "बापाची जमीन विकतोस, निदान किती विकतोस ते तरी वाच." माणसं चिडायची. बाईंना त्याचं सोयरसुतक नसे. न वाचता सही करणाऱ्यांची त्यांना किळस यायची आणि ती त्या लपवतही नसत.

निवृत्तीनंतर त्यांनी जुनी छोटी मोटार घेतली आणि साठीला टेकल्यावर गाडी शिकल्या. गेल्या जुलैत त्या पूर्णगडला बहिणीकडे गेल्या होत्या. शेजाऱ्याच्या कुंपणाचा पुरुषभर उंचीचा चिऱ्याचा गडगा पावसाने फुगला आणि खाली उभ्या असलेल्या गाडीवर कोसळला. आत कोणी नव्हतं, पण टप सीटला टेकला, इंजिनाचा चेंदामेंदा झाला.

विमा कंपनीने पाहणीला एक साहेब पाठवले. साहेबांचे बूट पांढरे, म्हणून ते चिखलात उतरले नाहीत. दहा हातांवरून चार फोटो काढले आणि म्हणाले, "मॅडम, टोटल लॉस."

दुरुस्तीचा खर्च विम्याच्या रकमेच्या पाऊणपटीवर गेला की कंपनी गाडी मोडीत काढते आणि मालकाला रक्कम देते, हे बाईंनी पॉलिसीत वाचलं होतं. पॉलिसी वाचलेला ग्राहक साहेबांना बहुधा जन्मात पहिल्यांदाच भेटला असावा.

रत्नागिरीच्या कचेरीत दर्शन नावाचा टाय लावलेला अधिकारी होता. त्याने गोड हसून आकडा सांगितला, दोन लाख सत्तर हजार.

"पॉलिसीवर तीन लाख चाळीस लिहिलंय," बाई म्हणाल्या.

"काकी, बाजारात आता एवढीच किंमत आहे."

"मी तुझी काकी नव्हे. आणि हप्ता घेताना बाजारात विचारायला गेला होतात? तेव्हा तीन चाळीसवर हप्ता मोजून घेतलात."

दर्शनने विषय बदलला आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म पुढे सरकवले. घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी. "भंगार आमचा माणूस उचलेल. इथे नुसत्या सह्या करा. सगळेच करतात."

"सगळे गाढव असतील," म्हणून बाई उठल्या.

त्या संध्याकाळी त्यांचे दीर राजेंद्र समजूत घालायला आले. राजेंद्र म्हणजे घरातला हुशार माणूस, असं त्यांचं स्वतःचं मत. "वहिनी, कशाला घोळ घालता? माझी गाडी सावर्ड्याला ठोकली तेव्हा मी दोन मिनिटांत सह्या केल्या. आरसी बुक दिलं, पैसे घेतले, मोकळा. माणसानं जरा प्रॅक्टिकल असावं."

बाईंनी त्यांना चहा दिला. सल्ला घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी पत्र धाडलं: रक्कम कमी का, ते कोणत्या कलमाखाली, हे लिहून कळवा, नाहीतर विमा लोकपालाकडे जाते. सोबत पॉलिसीची प्रत. महिनाभर कोणी हूं की चूं केलं नाही. मग दर्शनचा फोन आला, या खेपेला "तांबे मॅडम" म्हणत. पॉलिसीतच ठरलेल्या हजार रुपयांची वजावट करून पूर्ण रक्कम मंजूर. बाईंनी तरी कोऱ्या फॉर्मवर सही केली नाही. आरटीओत जाऊन गाडीची नोंदणी रद्द करून घेतली, त्याची पोच घेतली, आणि मगच सांगाडा उचलू दिला.

ऑक्टोबरात राजेंद्रांना कोल्हापूरकडच्या पोलिसांचा फोन आला. त्यांच्या मोडीत गेलेल्या गाडीचा नंबर आणि तिचाच चेसिस नंबर लावलेली एक चोरीची गाडी सापडली होती. कागदोपत्री मालक अजून राजेंद्रच. भंगार नेणाऱ्याने कोरे फॉर्म कधी भरलेच नव्हते.

राजेंद्र धावत वहिनींकडे आले. घाम पुसत म्हणाले, "मी गाडी दिली होती हो!"

"कुणाला?"

"कंपनीच्या माणसाला."

"नाव?"

ते राजेंद्रांनी कधी विचारलंच नव्हतं.

"फॉर्मची झेरॉक्स?"

तीही नव्हती. बाईंनी त्यांना तासभर असं काही सुनावलं की आमच्या घरापर्यंत ऐकू आलं. पण त्याच रात्री त्यांनी राजेंद्रांच्या विमा कंपनीला पत्र लिहून क्लेम मिटवल्याचा दाखला आणि भंगार घेणाऱ्याचं नाव मागितलं. दाखला यायला तीन आठवडे लागले. तो घेऊन त्या स्वतः दिरासोबत कोल्हापूरला गेल्या, आणि फौजदाराने राजेंद्रांचं नाव संशयितांतून काढून साक्षीदारांत घातलं.

राजेंद्रांना अजून तारखांना जावं लागतं. परवा ते मला भेटले आणि म्हणाले, "आपल्याकडे सिस्टीमच भ्रष्ट आहे हो." सिस्टीम भ्रष्ट आहेच. पण सही करताना यांच्या हाताला काय तिने धरलं होतं? हे मी त्यांना बोललो नाही. बाई तिथे असत्या तर बोलल्या असत्या. त्या बहिणीला विम्याच्या पैशातून घेतलेल्या दुसऱ्या गाडीत बसवून मुरुडला समुद्र बघायला गेल्या होत्या.