तळाला लागलेला घेवडा

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ते आचारी होते आणि साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मामा म्हणत. पातेल्यातला थेंब तळहातावर घ्यायचा, चाटायचा आणि मान हलवायची, एवढ्यावर अख्ख्या पाळीचं जेवण ठरायचं.

मग एकदा त्यांना ताप आला. ताप उतरला, पण जाताना नाकाचा वास आणि जिभेची चव घेऊन गेला. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू. कधी, ते मात्र सांगता येत नाही."

मामांनी कामावर कुणाला काही सांगितलं नाही. अंदाजाने मीठ टाकत राहिले. लोकही भिडेपोटी गप्प राहिले. पण धुवायला आलेल्या ताटांत अर्धंअर्धं अन्न तसंच दिसायला लागलं, तेव्हा मामांनी स्वतःहूनच नोकरी सोडली.

घरी आल्यावर त्यांनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणंच बंद केलं. दिवसभर मागच्या अंगणात असायचे. कुंपणाच्या कडेने घेवडा लावला, काठ्या रोवून वेल चढवला. वेल शेंगांनी लगडला तरी त्यांनी एक शेंग तोडली नाही. बायको बोलून बोलून थकली. शेंगा पिवळ्या पडल्या, मग कागदासारख्या वाळल्या आणि वाऱ्यावर खुळखुळायला लागल्या.

सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. स्वयंपाकात तिला फारशी गती नव्हती, आणि ती ते लपवतही नव्हती. एका सुट्टीच्या दिवशी तिने सगळ्या शेंगा ओरबाडून पोत्यात भरल्या आणि सासऱ्यांसमोर आणून ठेवल्या.

"बाबा, याचं काय करायचं ते सांगा. चाखायचं काम माझं."

"मला काय विचारतेस? माझी जीभ म्हणजे लाकूड."

"जीभ माझी वापरा. हात तर तुमचे आहेत ना?"

जरा वेळाने मामा काठी घेऊन पोतं बडवायला बसले. टरफलं पाखडली, दाणे रात्रभर भिजत घातले. सकाळी ते टम्म फुगले होते. मंद आचेवर पातेलं ठेवलं. दाणा चमच्यात घेऊन फुंकर मारायची, साल सुटली की शिजत आला समजायचं, हे त्यांनी सुनेला दाखवलं. मीठ आणि टोमॅटो नंतर.

"कसं लागतंय?"

"छान."

"छान ही काय चव झाली? नीट सांग."

तिने डोळे मिटून विचार केला. "ओल्या भिंतीसारखं लागतंय."

"म्हणजे अजून कच्चं आहे," मामा म्हणाले. खूप दिवसांनी ते हसले.

तेव्हापासून दर सुट्टीला हा उद्योग ठरलेला. सून बोलायला शिकली आणि मामा तिच्या बोलण्यावरून मीठ टाकायला. "पुसलेल्या पाटीसारखं लागतंय" म्हटलं की ते लसूण वाढवायचे. सासू म्हणायची, "या दोघांच्या गप्पांत माझं जेवण गार होतं."

असंच एकदा पातेलं गॅसवर होतं. सून फोनवर बोलत होती, सासू कपडे वाळत घालत होती. मामा अंगणात दाणे निवडता निवडता एकदम ताठ झाले.

"काहीतरी करपतंय."

"शेजारी पाला जाळत असतील," सासू म्हणाली. मग हातातला ओला टॉवेल तसाच धरून ती वळली. "अहो, तुम्हाला कसं कळलं?"

सून धावत आत गेली. पातेलं चांगलंच तळाला लागलं होतं. "बाबा, सगळं वाया गेलं. माझंच लक्ष नव्हतं."

मामा मागोमाग येऊन पातेल्यावर वाकून उभे होते. डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांनी पुन्हा एकदा खोल श्वास घेतला.

"टाकू नकोस," ते म्हणाले. "वरचं वरचं काढून घे. आज सगळ्यांनी हेच खायचं."

तिघं पाव घेऊन बसली. दाण्यांना धुराचा कडवट वास होता. सुनेने कसंबसं संपवलं, सासूने कौतुकाने खाल्लं आणि मामांनी दोनदा वाढून घेतलं.

पुढे कांद्याचा वास आला, मग साबणाचा. चव मात्र अर्धीमुर्धीच परतली. पण त्या दिवशी ते करपलेलं जेवण झाल्यावर मामा सुनेला म्हणाले, "पोरी, इतके दिवस मी तुझ्या तोंडाने जेवलो. कधी बोललो नाही, पण बरं वाटलं."

"मग उद्या हे करपलेलं पातेलं तुम्ही घासा," ती म्हणाली.

मामांनी ते त्याच संध्याकाळी घासलं, आनंदाने.