वर्लीन म्हणते, आधी बघून घे

वर्लीनच्या डाव्या हाताला करंगळी नाही आणि तिच्या शेजारचं बोट अर्धंच आहे. आमच्या खोऱ्यात सगळ्यांना याची इतकी सवय झालीय की तिच्याकडून सुटे पैसे घेताना कुणाची नजरही तिथं जात नाही. माझीही कधी गेली नव्हती. खिळे, नळाच्या तोट्या, कोंबड्यांचं खाद्य असलं काहीबाही मी वर्षानुवर्षं तिच्या दुकानातून आणत आले, पण ‘काय गं, बरी आहेस ना’ यापलीकडे आमचं बोलणं कधी गेलं नाही. आज मी माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, माझ्या खिडकीपाशी बसलेय ती मात्र तिच्यामुळे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी तिला चार शिव्या घातल्या तर कुणाचा गैरसमज नको.

हॉइट, म्हणजे माझा नवरा, गेला त्याच वर्षी उन्हाळ्यात कुणीतरी आमची कोठी फोडली. त्याची लाकूड कापायची करवत नेली, मधमाश्यांना धूर द्यायचं भांडं नेलं. ते भांडं नेऊन त्या मेल्यानं काय केलं असेल देव जाणे. माझा मुलगा कर्टिस तिकडं सेंट लुइस शहरात असतो. त्याचा फोन आला.

“आई, आता पुरे. शेरीफचा पोलीस तुझ्या दारात पोचेपर्यंत चोर जेवून झोपेल. तू इकडं ये. तळघरातली खोली तयार केलीय, नवा गालिचा घातलाय.”

“तळघरात? मला काय जमिनीखाली जायची एवढी घाई झालीय?”

तो हसला नाही. म्हणाला, “नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला आम्ही येतोय. तोवर तुला तुझी राखण करता येते हे मला दाखव. नाहीतर सामान बांधायचं. येताना मी खोकीच घेऊन येणार आहे.”

झालं! याच्या बापाची राखण मी केली, याचं नाक मी पुसलं, आणि आता माझी परीक्षा हा घेणार. पण मनातून मी हबकले होते. लग्न होऊन मी ज्या घरात आले, तिथंच हॉइटचे डोळे मिटले. ते घर मी काय म्हणून सोडायचं?

हॉइटची लांब नळीची शिकारीची बंदूक होती, पण ती मला पेलत नाही. त्याचं फौजेतलं जुनं पिस्तूल कर्टिस अंत्यविधीनंतर घेऊन गेला होता. मग माझा दीर डेलमार मदतीला धावला. डेलमार मनानं सोनं आहे. डोक्यानं मात्र... असो. तो एक इवलंसं रिव्हॉल्वर घेऊन आला. वजनाला अंड्याएवढं, मूठ जांभळी.

“वहिनी, खास बायकांसाठी असतंय हे,” तो म्हणाला. “पर्समध्ये मावतंय!”

आमच्याकडं घरच्या माणसानं दिलेली बंदूक परत करत नाहीत. तसं करणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटणं. मी गपचूप घेतलं आणि दोघं वर्लीनच्या दुकानामागं गेलो. तिथं टेकडीचा उतार खणून नेमबाजीची जागा केलीय. समोर मातीचा बांध, अलीकडं पत्र्याखाली टेबलं, मागं बायकांचा बाक. मंगळवारी बायकांचा दिवस असतो. निशाण्याला चर्चच्या जेवणातल्या उरलेल्या कागदी ताटल्या टाचतात.

मी पहिला बार काढला आणि आई गं! कुणीतरी हातोडीनं अंगठ्याचं मूळ ठेचावं तसं झालं. संधिवातानं माझी बोटं आधीच आल्याच्या गड्ड्यासारखी झालीत. अंगठ्याची कातडी सोलली, डोळ्यांतून पाणी आलं, ताटली जिथल्या तिथं कोरी. मी ते रिव्हॉल्वर टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, “चल डेलमार. संपलं. मी जाते त्या तळघरात.”

तेव्हा वर्लीन दुकानातून बाहेर आली. मासेमारीच्या गांडुळांच्या फ्रीजमधली बर्फाची पिशवी तिनं माझ्या हातावर आदळली. मग ते जांभळं ध्यान बघितलं.

“ओलेटा, बयो, हे तुला कुणी दिलं?”

“दिरानं. हा काय.”

“तुमचं जमिनीवरून भांडण आहे का काही?”

बाकावरच्या बायका फिदीफिदी हसल्या. डेलमार तापला. “का? एवढंसं तर आहे!”

“एवढंसं आहे म्हणूनच. धक्का सोसायला त्याच्या अंगात काही वजन नको? सगळा हिच्या हाडांवर येतो. बायको लहानखुरी म्हणून तिला लहानखुरी बंदूक! या खोऱ्यातला प्रत्येक नवरा हेच करतो आणि त्याची बायको एकदा बार काढून ती बंदूक जन्मभर मोज्यांच्या खणात टाकते.”

“मला तर काही धक्का जाणवत नाही,” डेलमार म्हणाला.

“हो का? मग दाखव की.”

तिनं पाठ वळवून ते रिव्हॉल्वर भरलं आणि त्याच्या हातात दिलं. पहिला बार झाला, ताटलीच्या कडेला लागला. डेलमारनं ऐटीत बायकांकडं पाहिलं. मग दुसऱ्यांदा चाप दाबला आणि नुसताच ‘टक’ असा आवाज आला, पण तेवढ्यात त्याचे डोळे गच्च मिटले, खांदे उडाले आणि नळीनं जमिनीत नाक खुपसलं. वर्लीननं मध्ये मध्ये उडालेली, रिकामी काडतुसं घातली होती. बार झालाच नव्हता, तरी गडी दचकला होता.

“जमिनीतला बटाटा मारलास रे, डेलमार!” बाकावरून कुणीतरी ओरडलं.

बिचारा कानापर्यंत लाल झाला. मग स्वतःच हसायला लागला. म्हणाला, “वहिनी, राहू दे. हे माझ्या गाडीत ठेवतो, सापाबिपाला.” परत केल्याचा अपमान नाही की काही नाही. वर्लीननं माझी मान अशी सोडवली आणि वर त्याला कॉफी पाजली.

मग म्हणाली, “आता तू दर मंगळवारी यायचं. आज मी तुला काही विकणार नाही.”

“अगं, पण थँक्सगिव्हिंग तोंडावर आलंय!”

“येऊ दे. ताटातली टर्की पळून जात नाही. घरात कोण कोण येतं?”

“नात येते. जोली. चार वर्षांची.”

“मग आधी कुलपाची पेटी, नंतर पिस्तूल. पेटी भिंतीत ठोकायला डेलमारला सांग, खिळे तरी सरळ मारतो का बघू.”

त्या शरद ऋतूत मी काय काय हाताळलं! दुकानातली वापरलेली पिस्तुलं ती एकेक करून माझ्यापुढं ठेवायची. एकाची मूठ एवढी जाड की चापापर्यंत बोट पोचेना. एकाचं नळीवरचं निशाण माझ्या चष्म्यातून नुसती मुंगी. एक इतकं सुंदर, चंदेरी, की मी हट्टच धरला. “हेच!” ती म्हणाली, “घे. पण आधी त्याची स्लाइड ओढ.” स्लाइड म्हणजे पिस्तुलाच्या वरचा सरकणारा भाग. तो मागं ओढल्याशिवाय गोळी नळीत जात नाही आणि आत राहिलेली बाहेरही पडत नाही. मी ओढते, ओढते, दात-ओठ खाऊन ओढते, पण ढिम्म. मी रडकुंडीला आले.

“बोटांनी काय ओढतेस गं? तुझ्या बोटांत आता राम नाही, कबूल कर. पण खांद्यात आहे ना? कणीक मळतेस की नाही? वरचा भाग मुठीत धरून तसाच ठेव आणि खालचं पिस्तूल पुढं ढकल. सगळं अंग घालून ढकल. आणि नळी कायम मातीकडं!”

तिनं मला ते इतक्या वेळा करायला लावलं की झोपेतही माझे हात ढकलत असावेत. मी तिला मनात काय काय म्हणायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही.

एक हलकं, बारीक गोळीचं पिस्तूल मला फार आवडलं होतं. ठक् ठक् वाजायचं, धक्का म्हणाल तर शिंकेएवढा. त्याच्यावर तिनं मला नेम शिकवला. घरासाठी मात्र शेवटी निघालं ते मधल्या आकाराचं, चांगलं वजनदार, ओरखडे पडलेलं, दिसायला अगदी म्हैस. पण मुठीत बसलं ते माझ्याच मापानं केल्यासारखं. स्लाइड सरकली, निशाण दिसलं, आणि ताटलीच्या मधोमध भोकं पडायला लागली. मला इतका आनंद झाला की मी वर्लीनचा मुका घेतला. ती म्हणाली, “पुरे, गिऱ्हाईक बघतंय.”

पण तिची खरी शिकवण वेगळीच होती. तिथं कुणी कुणाच्या हातात पिस्तूल दिलं की देणारा ते उघडून दाखवतो, आणि घेणारा, समोर बघितलेलं असलं तरी, पुन्हा स्वतः उघडून बघतो. मॅगझिन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची डबी, काढायचं, स्लाइड मागं ओढायची, नळीच्या मागच्या तोंडाशी डोळ्यांनी बघायचं, बोट घालून चाचपायचं. वर्लीननं माझ्या हातात द्यावं, मी बघावं, मी परत द्यावं, तिनं बघावं. एकदा मी वैतागले.

“अगं बाई, आत्ता तर तू बघितलंस! माझ्यावर विश्वास नाही का?”

तिनं तो डावा हात माझ्या डोळ्यांसमोर धरला. त्या दिवशी पहिल्यांदा मी तो नीट पाहिला.

“हे रिकाम्या पिस्तुलानं झालंय,” ती म्हणाली. “मी शाळेत होते. स्वयंपाकघरात बापानं मॅगझिन काढलं आणि म्हणाला, रिकामं आहे. नळीत एक राहिली होती. भरलेल्या पिस्तुलाला सगळे जपतात गं.”

“आणि तुझे वडील?”

“त्यांचं काय,” म्हणाली आणि गिऱ्हाईक नसतानाही दुकानात निघून गेली.

थँक्सगिव्हिंग आलं. कर्टिस, सून आणि जोली आले. गाडीच्या मागच्या बाजूला घडी केलेल्या खोक्यांचा गठ्ठा मी खिडकीतून बघितला आणि भोपळ्याच्या गोड पाईसाठी मळलेल्या कणकेवर लाटणं जोरात फिरवलं. जेवणं झाली. जोलीला घेऊन सून पलीकडच्या खोलीत रंगवायला बसली. मध्ये नुसती फळीची भिंत. कर्टिसनं पिशवीतून हॉइटचं जुनं पिस्तूल काढलं.

“मी तुझं नवं पिस्तूल बघितलं, आई. सोपं आहे ते. सोप्यावर काय कुणीही हात साफ करेल. हे अण्णांचं आहे. हे हाताळून दाखव, म्हणजे मी एक शब्द बोलणार नाही.” त्यानं मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं. “रिकामं आहे. धर त्या समोरच्या भिंतीकडं आणि दाब चाप. बघू हात किती हलतो.”

लेकरू माझं. बापाची आठवण म्हणून कपाटाच्या वर जपून ठेवलेलं, तसंच उचलून आणलं होतं त्यानं.

मी ते घेतलं. नळी चुलीशेजारच्या दगडी भिंतीच्या तळाशी, जमिनीकडं केली. बोट चापाच्या बाहेर.

“तसं नाही आई, वर धर ना.”

“थांब. आधी बघू दे.”

“काय बघायचंय? मी काढलं की मॅगझिन!”

“बघू दे म्हटलं ना!”

ती स्लाइड भयंकर घट्ट होती. कर्टिस हाताची घडी घालून उभा, चेहऱ्यावर ‘बघ, जमत नाही ना’ असं लिहिलेलं. मी वरचा भाग मुठीत धरला आणि कणकीचा गोळा ढकलावा तसं सगळं अंग घालून खालचं पुढं ढकललं. सरकलं. आणि आतून एक पिवळी धमक गोळी उडून फरशीवर पडली, टणटणत टेबलाखाली गेली.

पलीकडं जोली गाणं म्हणत होती.

कर्टिसनं त्या गोळीकडं बघितलं, मग त्या फळीच्या भिंतीकडं बघितलं. ज्या भिंतीकडं त्यानं मला नळी धरायला सांगितली होती ती तीच. खुर्ची ओढून तो बसला, तो उठेचना. मी पिस्तूल पेटीत ठेवलं, कुलूप लावलं, त्याच्यापुढं पाईचा तुकडा ठेवला. तो त्यानं खाल्ला नाही. सुनेला आम्ही काही सांगितलं नाही. संध्याकाळी त्यानं गाडीतली खोकी काढली, उघडली, आणि माझ्या चुलीची लाकडं त्यांत भरून ओसरीवर एकावर एक रचून ठेवली. हिवाळाभराची.

मंगळवारी मी उड्या मारतच वर्लीनकडं गेले. सगळं सांगितलं, तिचे हात धरले, म्हटलं, “बाई गं, माझं घरही राहिलं आणि माझी नातही. तुझे उपकार मी कसे फेडू?” मला वाटलं, ती हसेल. ती गंभीर झाली.

“पोरगा कसा आहे?”

“कर्टिस? तो ठीक आहे. खोकीबिकी विसरला तो.”

“मी खोक्यांचं नाही विचारत. माझं बोट गेलं तेव्हा सगळं घर माझ्याकडं धावलं. बापाकडं कुणीच गेलं नाही. तो त्यानंतर माझ्याशी धड बोललाच नाही, ओलेटा. मरेपर्यंत. मला वाटायचं, त्याला माझा राग आलाय.” तिनं दुकानाचा फोन त्या अर्ध्या बोटाच्या हातानं माझ्याकडं सरकवला. “कर त्याला फोन. आत्ता.”

मी केला. पलीकडून कर्टिस म्हणाला, “आई, डोळे मिटले की मला ती भिंत दिसते.” आणि माझं एवढं मोठं पोर हुंदके द्यायला लागलं. मी काय बोलले ते मला आठवत नाही. आई जे बोलते तेच बोलले असेन. शेवटी म्हटलं, “बाळा, तू ये इकडं. वर्लीननं बोलावलंय.”

तो आला. बायकांचा मंगळवार, बाकावर सगळ्या बसलेल्या, पण एकीनंही दात काढले नाहीत. मी सोबत नेलेलं हॉइटचं पिस्तूल वर्लीननं त्याच्यासमोर उघडून, बघून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, “रिकामं आहे.”

कर्टिसनं तिच्या हाताकडं बघितलं. मग नळी मातीकडं करून त्यानं पिस्तूल उघडून बघितलं, बोट घालून चाचपलं, आणि तिला परत दिलं. वर्लीननं पुन्हा बघितलं, ते खाली ठेवलं, आणि तो हात त्याच्या पाठीवर ठेवला.

“असंच, बाळा,” ती म्हणाली. “झालं. आता जेवायला चल.”