अलकावहिनींचा पासवर्ड

आमच्या गल्लीत नंदूभाऊ दिसले की लोकांना अचानक कामं आठवतात. नंदकुमार हे त्यांचं पूर्ण नाव. वीज खात्यातून निवृत्त झालेला सज्जन माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण बोलायला लागले की समोरच्याचा चहा गार होतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कधी घालावं, चार्जर भिंतीला उगाच लावून का ठेवू नये, फुकटचं अ‍ॅप फुकट का नसतं, यावर त्यांची मतं ठाम, आणि ती ऐकवल्याशिवाय ते सोडत नाहीत. माझं घर त्यांच्या घराला लागून. मला पळायला जागाच नाही.

गच्चीवर त्यांनी सोलरच्या प्लेटा बसवल्या तेव्हा सगळी गल्ली हसली. बुऱ्हाणपुरात पॉवरलूमचा तूस, म्हणजे सुताची बारीक लव, हवेतच असतो. तो प्लेटांवर बसतो, कॉम्प्युटरच्या पंख्यात अडकतो. नंदूभाऊ रोज सकाळी ओलं फडकं घेऊन वर जायचे आणि लहान मुलाचं तोंड पुसावं तशा प्लेटा पुसायचे. खालून अलकावहिनी हाक मारायच्या, "ऐकलं का, पोहे गार झाले!" वरून उत्तर यायचं, "थांब, ऊन वाया चाललं!"

ती जोडणीची वर्षं होती. आधार बँकेला जोडा, बँक गॅसला जोडा, मोबाईल सगळ्यांना जोडा. आम्ही रांगा लावून जोडत होतो आणि नंदूभाऊ आमच्यावर चिडत होते. "रमेश, तू बी लिंक करून आला? सगळ्या तालांना एकच चाबी? ती गेली तर कुठं रडशील?" फोटो इंटरनेटवर साठवणं तर त्यांना मुळीच पसंत नव्हतं. "आपलं सामान परक्याच्या माळ्यावर कशाले ठेवायचं? आपल्या घरात ठेव, ताला लाव, चाबी कोणाले देऊ नको."

हे सगळं रोज ऐकणारं माणूस एकच, अलकावहिनी. भाकरी थापता थापता "हं" म्हणायच्या. त्यांना किती समजत होतं देव जाणे, पण त्या उठून जात नव्हत्या. माणसाला आणखी काय लागतं?

वहिनींना मोबाईल घेऊन दिला तेव्हा भाऊंनी त्याचा असीरगढ किल्लाच केला. अक्षरांचा पासवर्ड, आणि तो ठरावीक वेळा चुकला की आतलं सगळं आपोआप पुसलं जाणार. पासवर्ड काय ठेवायचा ते वहिनींनीच ठरवायचं. "कोणाले सांगू नको. मले पण नको सांगू," भाऊंनी बजावलं. वहिनींनी तेवढं ऐकलं. त्या फोनमध्ये त्यांनी गुलाबाईची, म्हणजे भुलाबाईची, गाणी स्वतःच्या आवाजात भरून ठेवली होती. भादव्यात गल्लीतल्या बायका जमल्या की पुढे वहिनी म्हणायच्या, मागून बाकीच्या, आणि मधोमध पाटावर फोन, रेकॉर्डिंग चालू. आवाज फार गोड होता असं नाही, मोकळा होता. आमच्या घरात ऐकू यायचा.

दिवाळीच्या तोंडावर साध्या तापाचं निमित्त झालं आणि वहिनी गेल्या. मुलगा बंगळूरहून आला, तेरावं केलं, "बाबा, माझ्याबरोबर चला" म्हणाला. भाऊ गेले नाहीत. प्लेटा कोण पुसेल म्हणाले. मग त्यांचं बोलणं आटत गेलं. मी मुद्दाम विचारायला जायचो, "भाऊ, इन्व्हर्टर कोणता घेऊ?" ते म्हणायचे, "कोणता बी घे." नंदूभाऊंनी असं म्हणावं! मला खरंच भीती वाटली.

एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. टेबलावर वहिनींचा फोन होता. "एकदा आवाज ऐकायचा आहे रे तिचा," ते म्हणाले. मुलाचं नाव टाकून झालं होतं. माहेर म्हणून इच्छापूर टाकून झालं, तिथली देवीही टाकून झाली. आता एकच चूक शिल्लक होती. मी म्हटलं, दुकानात दाखवू. तर उसळले, "दुकानवाल्याच्या हातात तिचा फोन देऊ? अन्‌ त्यानं खोलला तर मग मी ताला कशाले लावला होता?" मलाही राग आला. या माणसाला अजून तालाच प्यारा, असं मनात म्हणत मी घरी आलो.

तो फोन भाऊंनी कित्येक महिने सोलरच्या विजेवर चार्ज करून जिवंत ठेवला. एखादा शब्द सुचायचा, दोन दिवस घोळवायचे, सोडून द्यायचे. जेवायला बसले की फोन ताटाशेजारी असायचा. पुन्हा भादवा आला. पलीकडच्या अंगणात गुलाबाई बसली, बायकांनी गाणं धरलं आणि भाऊंना ते सोसवेना. त्यांनी फोन उचलून "गुलाबाई" टाकलं. फोन स्वतःहून बंद झाला आणि दुकानातून आणला तेव्हा होता तसा कोरा होऊन उघडला.

दुसऱ्या दिवशी रंभाबाई खिरापत घेऊन आल्या. या वहिनींच्या मैत्रीण. वर्षभर लेकीकडे नेपानगरला होत्या. मी तिथेच बसलो होतो. भाऊंनी त्यांना कोरा फोन दाखवला आणि झालेलं सांगितलं. रंभाबाईंनी कपाळाला हात लावला.

"भाऊ, तुमचं नाव टाकलं व्हतं तिनं. मी शेजारीच बसेल व्हती. मी म्हटलं, माय वं, नवऱ्याचं नाव घेते? तं म्हणे, तोंडानं कुठं घेते, बोटानं घेते. दिवसातून कितीक डाव घेते."

उभ्या संसारात वहिनींनी भाऊंना "ऐकलं का" शिवाय हाक मारली नव्हती. बायकोच्या तोंडून आपलं नाव कधी ऐकलंच नाही, ते तिच्या फोनला असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मग ते एकदम रागावले.

"घरच्या माणसाचं नाव कोणी ठेवते का? किती समजावलं होतं तिले. एकदम कच्चा पासवर्ड," ते म्हणाले. "कोणी बी ओळखला असता."

आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागले.