भिंतीतली मडकी

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, बंगळुरात सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे. स्वतःच्या मनासारखं त्यांनी एकच काय ते बांधलं, आणि तेही दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका रोमन वास्तुकाराच्या नादाने.

आई त्याला ‘तुमचा रोमवाला’ म्हणे. जेवायला बसलो की तो जणू आमच्या पंगतीतच असे. सैन्याची यंत्रं सांभाळण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. दिसायला बेताचा, तब्येतीने खचलेला. कामासाठी कुणाच्या दारी जायचं नाही हा त्याचा बाणा, त्यामुळे कामंही मिळाली नाहीत. म्हातारपणी जे जे ठाऊक होतं ते लिहून काढून त्याने सम्राटाला अर्पण केलं. त्याची स्वतःची म्हणून एकच इमारत माहीत आहे आणि तिचाही आज मागमूस नाही. पण इमारत मजबूत, सोयीची आणि देखणी असावी, हे त्याचं म्हणणं अजून जगभर शिकवतात. अण्णांना तो सख्ख्या भावासारखा वाटे. दोघेही मान खाली घालून काम करणारे. मला दोघांचाही राग यायचा.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आमच्या मराठी मंडळींनी बसवनगुडीकडे एक सभागृह बांधायला घेतलं. तोवर कीर्तनं मांडवात होत. पुरुष पुढे, बायका मागे, त्यात पोरांची रडारड. आईला कीर्तनाचं भारी वेड. पण घरी आली की चप्पल काढता काढता म्हणायची, “आजपण अर्धं ऐकूच आलं नाही बघा.” अण्णा ऐकून घ्यायचे आणि पुन्हा पेपरात डोकं घालायचे.

सभागृहाचा नकाशा अर्थातच त्यांच्या गळ्यात पडला, फुकटात. रोमवाल्याने लिहून ठेवलं होतं की, नाट्यगृहात बैठकींच्या मधे काशाची भांडी बसवावीत, म्हणजे आवाज त्यांत घुमून स्वच्छ होतो; गरीब गावांनी मातीची वापरली तरी चालतात. अण्णा भजनी मंडळाची पेटी घेऊन कुंभारपेटेत गेले. एकेका मडक्यावर टिचकी मारायची, पेटीचा सूर द्यायचा आणि जुळलं नाही की बाजूला ठेवायचं. लग्न कुणाचं आहे, म्हणून कुंभार कन्नडमध्ये विचारत राहिला. निवडलेली मडकी मागच्या भिंतीत, हाताला येतील अशा उंचीवर, तोंडं किंचित वर करून बसवली गेली. कमिटीला अण्णांनी कारण सांगितलं, गवंड्यांना सांगितलं, ऑफिसात तर सगळ्यांना सांगितलं.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी अण्णा कामावर होते. आई आणि इतर बायका रांगोळ्या काढायला सभागृहात गेल्या, मीही बरोबर होते. भिंतीत ओळीने आ वासलेली कोरी मडकी! ती कशासाठी, ते आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. शुभकार्यात घडा भरलेला हवा. रितं मडकं म्हटलं की डोळ्यांपुढे तिरडी येते. बायका चरकल्या. आईने लगेच पदर खोचला. घराघरांतून तांदूळ आले. प्रत्येक मडकं गळ्यापर्यंत भरलं, वर सुपारी, हळदकुंकू, आणि तोंडावर नवा खण घट्ट बांधला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कीर्तनाला अण्णा आले आणि मागच्या दारातच थांबले. आई आनंदाने पुढे झाली.

“बघितलं काय? एकपण रितं ठेवलं नाही आम्ही.”

अण्णा भिंतीकडे बघत राहिले. “सरी, ठीक आहे,” ते म्हणाले. “छान दिसतं.”

कीर्तन सुरू झालं. आई पुढे वाकून, कानामागे हात धरून ऐकत होती. अण्णांचं कीर्तनकाराकडे लक्षच नव्हतं. ते आईकडे बघत होते.

पुढे तांदळाला उंदीर लागले. कमिटीने एवढं एक काम मात्र तत्परतेने केलं, सगळी तोंडं सिमेंटने बुजवून टाकली. तसल्या मडक्यांनी खरोखर ऐकू येतं का, यावर जाणकारांचं अजून एकमत नाही. अण्णांनाही खात्री नव्हती. त्यांना एकदा ऐकून बघायचं होतं, एवढंच. एक शब्द बोलले असते तर! ही हळहळ माझ्या मनातून आजवर गेलेली नाही.

साठच्या दशकात अण्णा गेले. त्यांचे ऑफिसातले एक सोबती भेटायला आले. बोलता बोलता म्हणाले, “वहिनी, ती मडकी तुमच्यासाठी होती हो. माझ्या बायकोला मागे बसून ऐकू येत नाही, असं म्हणायचे.”

आईने त्यांना कॉफी दिली, फाटकापर्यंत सोडायला गेली. परत येऊन पायरीवर बसली.

“कुंभाराकडे गेले, गवंड्याला सांगितलं, कमिटीला सांगितलं,” ती म्हणाली. “मी रोज समोर बसून वाढत होते की गं. मला एकदा सांगितलं असतं, तर मी एक दाणा तरी टाकला असता काय त्यात?”